मामा दारातच होता

ही घटना खरी आहे.

कुणाला पटो न पटो. ज्यांच्या बाबतीत ती घडली ती दोघंही माझीच माणसं आहेत. एक माझी मावसबहीण, दुसरा तिचा सख्खा भाऊ. दोघांनी मला ती वेगवेगळी सांगितली. सांगताना दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, एवढं मी माझ्या पोरांची शपथ घेऊन सांगते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

साथीचा पहिला उन्हाळा. रस्ते ओस. खिडकीतून खाली बघितलं तर एखादं कुत्रं रस्त्याच्या अगदी मधोमध ताणून दिलेलं दिसायचं. बहिणीची इमारतही निम्मी रिकामी झाली होती. कुणी गावी निघून गेलं, कुणाला गाडी येऊन घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही दारांवर चिकटपट्टी मारलेली होती. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची.

आम्ही तिला ढमी म्हणतो. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून तिच्या दादानेच हे नाव ठेवलं. आता ती काडीसारखी झाली आहे, पण नाव काही वाळलं नाही.

ढमी चष्म्याच्या दुकानात कामाला. काचांच्या कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. दुकान बंद पडलेलं. नवरा मालवाहू जहाजावर आचारी, आणि ते जहाज कुठल्याशा बंदराबाहेर अडकून बसलेलं. त्याचा फोन लागला तर लागला. घरात ती आणि तिची सहा वर्षांची लेक.

लेकीला सगळे भुंगी म्हणायचे. कारण ती सतत गुणगुणायची. जेवताना, चित्र काढताना, अगदी संडासात बसूनसुद्धा. "अगं, जरा तोंडाला झाकण लाव!" असं ढमी दिवसभर तिच्यामागे ओरडत असायची.

त्या दिवशी सकाळी घरात गुणगुण नव्हती.

ढमीला आधी ते कळलंच नाही. नुसतं काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग तिने वळून बघितलं, तर भुंगी पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"आई, इथे दुखतंय." तिने बेंबीवर हात ठेवला.

ओवा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. पोरीने सगळं ओकून टाकलं. दुपार होईपर्यंत दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं आणि अंग तापलं. नुसता पलंग हलला तरी ती कळवळायची.

ढमीने दादाला फोन लावला.

दादा लहान मुलांचा डॉक्टर. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. आईवडील लवकर गेले, ढमीला त्यानेच वाढवलं. तिची फी, तिचं लग्न, तिचं बाळंतपण, सगळं त्याने बापाच्या जागी उभं राहून केलं. त्याची एकच खोड होती. प्रश्न विचारायचा. मूल दिसलं रे दिसलं की, "शू झाली का? शेवटचं काय खाल्लंस? उडी मारून दाखव बघू." आम्ही त्याला चिडवायचो, की हा जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांनाही पानावर बसायच्या आधी शी झाली का विचारेल.

त्या दुपारी त्याने फोन उचलला तेव्हा मागे नुसता गोंधळ होता. यंत्रांची टिकटिक, मास्कमधून ओरडणारी माणसं, कुठेतरी रडणारं मूल.

"ताप किती आहे? उलटी कितीदा? दाबल्यावर जास्त दुखतं की सोडल्यावर?"

ढमी सांगत गेली.

"बरं. ऐक, मुलांचा वॉर्ड साथीच्या पेशंटना दिलाय. मागच्या गेटने तिला आत घ्यायची सोय करतो. सर्जनशी बोलतो आणि लगेच फोन करतो. पिशवी भरून ठेव."

ढमीने पिशवी भरली. दोन फ्रॉक, टॉवेल, पाण्याची बाटली.

फोन वाजला. दादाच होता.

"ढमे, आणू नकोस तिला."

"काय?"

"इथे फार पसरलंय. घरीच थांब. मी येतो."

"दादा, तू म्हणालास ना की..."

"मी येतो. तू थांब."

ढमीला हायसं वाटलं. स्वतः दादा येतोय म्हटल्यावर आणखी काय हवं! तिने पिशवी दाराशी ठेवली आणि भुंगीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती, ती तिने मला नंतर सांगितली.

या फोनमध्ये... दादाच्या मागे कसलाच आवाज नव्हता.

टिकटिक नाही. माणसं नाहीत. पंखासुद्धा नाही. विहिरीत तोंड घालून बोलावं तसा नुसता त्याचा आवाज.

तिला वाटलं, बाहेर पडला असेल.

ती वाट बघत बसली. खिडकीतून रस्ता बघून आली. रस्त्यावर ऊन आणि कुत्रं. भुंगीच्या ओठांना कोरड पडली होती. ढमीने परत फोन लावला.

रिंग वाजायच्या आतच तो उचलला गेला.

"निघालोय."

"दादा, ती फार कण्हतेय रे."

"निघालोय. नेऊ नकोस कुठे."

पुन्हा थोड्या वेळाने. पुन्हा रिंग वाजलीच नाही.

"कोपऱ्यावर आहे."

ढमी धावत खिडकीशी गेली. कोपरा लख्ख दिसत होता. बंद दुकानं, रिकामा बसथांबा.

कुणीही नव्हतं.

"दादा, कुठल्या कोपऱ्यावर?"

फोन कट झाला होता.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. चपलांची, सावकाश. पहिला मजला... दुसरा... मग तिच्याच मजल्यावर. दारासमोर येऊन थांबली.

बेल वाजली नाही. कडी वाजली नाही.

ढमीने धावत जाऊन दार उघडलं. "आलास बाई एकदाचा!" असं ती म्हणालीसुद्धा.

बाहेर कुणी नव्हतं.

जिना खालपर्यंत रिकामा. उन्हाचा एक पट्टा पायऱ्यांवर पडलेला, त्यात धूळ तरंगत होती. नुकतंच कुणीतरी मधून गेल्यासारखी ती धूळ फिरत होती... एवढंच.

हातातला फोन वाजला.

"आलोय ना मी. दारातच आहे."

ढमी दारातच उभी होती. चौकटीला हात टेकून. तिच्या आणि जिन्याच्या मध्ये कुणीच नव्हतं.

भीती वाटली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही गं. राग आला. मला वाटलं तो मला वेड्यात काढतोय. कुठेतरी आरामात बसून, बहिणीला गप्प ठेवायला थापा मारतोय. पोटची पोर तडफडतेय आणि माझा दादा मला थापा मारतोय!"

तिने दार आपटलं. दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावले. एकाचा बंद, एक म्हणाला मुलं घेत नाही, एकाने नुसतंच ऐकून फोन ठेवून दिला. रुग्णवाहिकेच्या नंबरावर तेच ते संगीत वाजत राहिलं. अशा वेळी माणूस शेवटी आपल्याच माणसाकडे जातो. ती भांडायच्या तयारीने पुन्हा दादालाच फोन लावणार, तेवढ्यात आतून भुंगी म्हणाली,

"आई, मामा आत का येत नाही?"

"आला नाहीये गं अजून."

"आलाय. बाहेर उभा आहे. मला म्हणाला, आता पोट थांबेल."

ढमी पलंगाशी गेली. पोरीचा चेहरा घामाने थबथबला होता. आणि बघता बघता... तिच्या कपाळावरची आठी सुटली. मुडपलेले पाय जरासे सैल झाले.

"थांबलं," भुंगी म्हणाली. तिलाच नवल वाटलं. "खरंच थांबलं, आई."

ढमीने तिला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. मनातल्या मनात दादाची माफीसुद्धा मागितली. उगाच चिडले त्याच्यावर!

भुंगीने डोळे मिटले. घर शांत झालं.

मग गुणगुण सुरू झाली.

तीच. भुंगीची. नेहमीचीच, सूर सोडून भरकटणारी. ढमी हसली. तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला.

भुंगीचे ओठ मिटलेले होते.

तिचा श्वास तोकडा, वरचेवर चालला होता. गळ्यात काहीही हलत नव्हतं. गुणगुण... दाराच्या पलीकडून येत होती.

ढमीने पोरीच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक लागलं. पोरीचे हात गार पडले होते. फोन वाजला.

"थांबलं ना दुखणं?"

"दादा, पोट कडक लागतंय रे. एकदम कडक."

"चांगलं लक्षण आहे."

"आणि हातपाय गार झालेत."

"झोपू दे तिला."

आणि तेव्हा ढमीच्या डोक्यात लख्ख झालं. पहिला फोन सोडला, तर त्यानंतर या आवाजाने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. ताप किती, पाणी प्यायली का, काहीच नाही. दादा! जो शिंक आली तरी दहा प्रश्न विचारतो, तो!



"दादा," ती हळूच म्हणाली, "मला काहीतरी विचार ना."

पलीकडे शांतता.

"दादा, शू झाली का विचार. एवढंच विचार."

शांतता. बाहेरची गुणगुणही थांबली.

मग... फोनमधून नाही. दाराला अगदी तोंड लावून कुणीतरी म्हणालं,

"नेऊ नकोस."

आवाज दादाचाच होता. लाडाने बोलायचा तसा.

ढमी सांगते, की तिने पुढे काही विचार केलाच नाही. विचार केला असता तर दार उघडलंच नसतं. तिने पोरीला चादरीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि दार सताड उघडलं.

कुणी नव्हतं. पण दाराबाहेरची हवा गार होती. एवढ्या उन्हाळ्यात, मडक्याला हात लावावा तशी गार. त्या गारव्यातून ती बाहेर पडली.

दुसऱ्या मजल्यावर, चिकटपट्टी मारलेल्या दारामागून आवाज आला. "ढमे, थांब." समोरच्या बंद दारामागून, "ढमे, आलोच." खालच्या मजल्यावर तर तो हसला. लहानपणी तिला सायकल शिकवताना हसायचा तसा. ढमीने मागे बघितलं नाही. पायऱ्या चुकत, कठड्याला घासत ती खाली आली आणि तळमजल्यावरच्या व्हॅनवाल्या काकांचं दार लाथेने वाजवलं. हात मोकळे नव्हतेच.

काकांची शाळेची व्हॅन साथीपासून आवारात ताडपत्रीखाली उभी होती. त्यांनी खिडकी उघडली. मागून काकूंचा आवाज, "अहो, जाऊ नका! काय झालंय पोरीला, कुणास ठाऊक!"

"काका, पाया पडते. गाडी काढा."

काकांनी एकदा चादरीत बघितलं. भुंगी याच व्हॅनमधून शाळेत जायची, गुणगुण करून त्यांचं डोकं उठवायची. त्यांनी मास्क चढवला, किल्ली घेतली.

"मागे बस. खिडक्या उघड्या ठेव."

गाडी आवाराबाहेर पडल्यावर त्यांनी आरशातून विचारलं, "तुझा भाऊ आला होता ना मघाशी? मग तो नाही का आला बरोबर?"

"तुम्ही बघितलंत त्याला?"

"बघितलं नाही. जिन्यात बोलत होता ना केव्हाचा. म्हटलं, डॉक्टर आलाय, बरं झालं."

ढमीच्या मांडीवर फोन थरथरायला लागला. दादा. थांबला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा. तिने फोन बंद करून टाकला.

हॉस्पिटलच्या मागच्या गेटवर पहारेकऱ्याने अडवलं. ढमीने असा काही टाहो फोडला, की आतून माणसं धावली. त्यांत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला एक जण होता. चेहऱ्यावरच्या पारदर्शक पडद्यावर वाफ धरलेली. त्याने हात पुढे केले. ढमी एकदम मागे सरली.

"ढमे! अगं, मी आहे!"

तोच आवाज.

"लांब हो!" ती किंचाळली.

"केव्हापासून अशी निपचित आहे? शू केव्हा झाली? ढमे, सांग मला, पाणी केव्हा प्यायली?"

एवढे प्रश्न ऐकल्यावर तिची खात्री पटली. तिने पोर त्याच्या हातात दिली आणि ती खाली बसली.

अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं, म्हणे. लोकांना वाटतं, बरं वाटलं.

ऑपरेशन लांबलं. भुंगी वाचली. पण कितीतरी दिवस नळ्या लावून पडून होती, आणि आजही तिच्या पोटावर हा एवढा मोठा व्रण आहे.

सर्जन बाहेर आले तेव्हा भाऊबहीण बाकाच्या दोन टोकांना बसली होती. सर्जन दमलेले होते. ते सहज बोलून गेले, "थोडं आधी आणलं असतं तर साधं काम होतं हो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ऐकलंस?" ढमी म्हणाली. दारामागचे आवाज काहीही असोत, फोन तर दादाच्याच नंबरावरून आला होता. "तू म्हणालास आणू नकोस. मी पिशवी भरून बसले होते, दादा!"

दादा बघतच राहिला. "मी? मी तुला फोन केला, बेड ठेवलाय, लगेच निघ म्हणून. आणि तूच म्हणालीस की ती झोपलीय, आम्ही येत नाही!"

"मी असं म्हणाले?"

"तीनदा फोन केला मी! म्हटलं, तिचा श्वास तरी ऐकव. तर माझ्यावरच खेकसलीस. 'झोपलीय म्हटलं ना!' मग मला कसलीतरी धास्ती वाटली म्हणून पुन्हा फोन लावत बसलो, तर तू उचलेनास."

"खोटं बोलू नकोस."

"तू खोटं बोलू नकोस, ढमे. तू घाबरलीस. हॉस्पिटलला सगळेच घाबरतात. तसं सांग ना सरळ."

"तू घाबरलास! आम्ही तुझ्याकडे रोग घेऊन येऊ म्हणून!"

हे सगळं हॉस्पिटलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, लोकांसमोर. पंचवीस वर्षं ज्याला बाप मानलं, त्याला ती म्हणाली, "तू मला मेलास."

फोन दोघांनी तपासले. फोन झालेले होते. तिच्याकडेही, त्याच्याकडेही, वेळा तंतोतंत जुळत होत्या. पण काय बोलणं झालं ते फोनमध्ये राहत नाही.

नंतर दादाने मला एकदा सगळं सांगितलं. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "एक आठवतंय. ढमीच्या मागे घरातला कुठलाच आवाज नव्हता गं. मला वाटलं, पोर झोपलीय म्हणून शांतता असेल."

 मी दोघांना समोरासमोर बसवून हे सांगितलं. म्हटलं, अरे, तुमच्या दोघांच्या मध्ये त्या दिवशी तिसरंच काहीतरी बोलत होतं. व्हॅनवाल्या काकांनीही ऐकलंय. भूत म्हणा, काय हवं ते म्हणा, पण एकमेकांना सोडा!

दादा म्हणाला, "मी डॉक्टर आहे. भुतावर ढकलून मोकळा होऊ?"

ढमी म्हणाली, "बघ. त्याला कबूल करायचंच नाहीये."

नातेवाइकांतही दोन तट पडले. इतकं जपलेलं घर असं उभं चिरलं. काही वर्षं दोघांचं येणंजाणं बंद होतं.

मागच्या वर्षी ढमी भुंगीची वेणी घालत होती. पोर आता मोठी झाली आहे. गुणगुण कधीच थांबली, तेव्हापासूनच. आरशात बघत तिने सहज विचारलं,

"आई, मी आजारी होते ना, तेव्हा तू बाहेर कुणाशी बोलत होतीस?"

"मी कुठे बाहेर गेले? तुझ्याजवळच तर होते."

"हो. माझ्याजवळ होतीस. माझा हात धरला होतास." भुंगी म्हणाली. "पण दाराबाहेरपण तूच बोलत होतीस ना?"

ढमीचे हात केसांतच राहिले.

"काय बोलत होते मी?"

"चिडून बोलत होतीस. 'झोपलीय म्हटलं ना.' मी तर जागीच होते, आई. मला वाटलं, तू असं का सांगतेस..."

हे वाक्य भुंगीसमोर कुणीही, कधीही उच्चारलेलं नव्हतं.

ढमी त्याच संध्याकाळी दादाकडे गेली. फोन न करता. त्याच्या पायाशी बसून तिने सगळं सांगितलं. दादाने ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे पुसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "तापात होती गं ती. तापात मुलांना काहीही ऐकू येतं." त्याला अजूनही वाटतं, की पोर आईला सांभाळून घेतेय.

तरी येणंजाणं सुरू झालं, हे त्यातल्या त्यात बरं. परवा आम्ही सगळे एकत्र जेवलो. दादा नेहमीसारखाच काहीबाही विचारत होता, मुलं हसत होती. ढमी समोर बसली होती, पण तिचं पानात लक्ष नव्हतं. नंतर भांडी आवरताना मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "आता तरी विश्वास बसला ना त्याच्यावर?"

"बसला गं," ती म्हणाली. "त्याची काहीच चूक नव्हती. मला माहीत आहे."

ताट पुसता पुसता ती थांबली. बाहेरच्या खोलीत दादा काहीतरी सांगत होता, त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. ढमीने मान वाकडी करून दारातून तिकडे बघितलं.

"पण तो बोलायला लागला ना," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "की मी आधी त्याच्या ओठांकडे बघते."